बैलांचा कौल

भिमाजी मोटेवर गायला लागला की शेजारच्या तीन मळ्यांतली माणसं हातात खुरपी धरून उभी राहायची, असं पारनेरच्या त्या बाजूला सांगत. त्यात थोडं तिखटमीठ असणारच. माणसं गाण्यासाठी उभी राहायची की बसून बसून पाय अवघडले म्हणून, हे कुणी विचारायला गेलं नव्हतं. पण बैल ऐकायचे, एवढं मात्र खरं.

त्यांना ऐकावंच लागायचं. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली उतरले की नाड्याच्या टोकाची चामड्याची मोट भरलेली वर येते आणि काठावरच्या दगडी कुंडीत, म्हणजे थारोळ्यात, ओतली जाते. इथवर सोपं. त्यानंतर बैलांना तोंड न फिरवता, तसंच मागल्या मागं चढ चढून काठापर्यंत यायचं असतं, म्हणजे रिकामी मोट खाली जाऊन पाण्यात बुडते. मागं चालणं बैलाच्या स्वभावात नाही. चाबूक दाखवून उपयोग नाही, कारण चाबूक मागून बसतो आणि मागून बसला की बैल पुढं पळतो. त्याला बोलवावं लागतं. कुणी शिट्टी घालून बोलवायचा, कुणी आईबहिणीवरून. भिमाजी गाऊन बोलवायचा.

*सर मागं सर, माझ्या राज्या रं, मोट बुडू दे पान्यात*
*घुंगरं वाजू दे, हरन्या रं, शाळू डुलू दे रानात*

त्यातलं ‘पान्यात’ त्याला लांबवावं लागे. मोट पाण्यावर टेकायची, कलंडायची, घोट घेतल्यासारखा आवाज करायची आणि बुडायची. तोवर सूर सोडायचा नाही. सूर सुटला की बैल निघणार आणि मोट अर्धीच वर येणार. त्याची बायको कडूबाई म्हणायची, ह्यांचं गाणं ऐकून विहीर किती खोल गेलीय ते कळतं. उन्हाळ्यात ‘पान्यात’ लई लांब व्हायचं.

राज्या आणि हरण्या ही जोडी आठ वर्षं त्या गाण्यावर मागं आली. मग विहिरीवर इंजिन आलं. दुसऱ्या कुणावर खापर फोडावं तर तशीही सोय नव्हती, इंजिन भिमाजीनं स्वतःच आणलं होतं. मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली, तिथं ती वाळून खडखडीत झाली आणि उंदरांनी तिचं काय करायचं ते केलं. पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा भिमाजीनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. इंजिनाला माघारी येणंच माहीत नव्हतं. ते आपलं पुढंच पुढं फकफकत राहिलं. त्यात गाणं घालायला जागा कुठं होती?

त्याच सुमारास कानिफनाथानं बँजो पार्टी काढली.

कानिफनाथ भिमाजीचा पुतण्या. भाऊ तापानं लवकर गेला, मागं भावजय आणि दोन वर्षांचं पोर राहिलं. भिमाजीला मूलबाळ नाही. पोरगं त्याच्याच मळ्यात वाढलं, मोटेच्या ताणलेल्या नाड्यावर बसलेल्या भिमाजीच्या मांडीवरून दिवसातून शंभरदा धाव उतरलं. आता ते बावीस वर्षांचं झालं होतं, केस कानावर आले होते, आणि नगरला जाऊन बँजो शिकून आलं होतं. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाईपरायटरला असतात तशी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. जोडीला एक ढोलकीवाला, एक खुळखुळेवाला, वायर, ट्रकची बॅटरी, ज्याला सगळे नुसतं ‘मशीन’ म्हणत ते आवाज वाढवायचं खोकं आणि दोन भोंगे. लग्नसराईत सनई आणि संबळ ऐकलेली माणसं सुरुवातीला कानावर हात ठेवत होती. दुसऱ्या लग्नात तेच हात वर करून नाचत होती.

भिमाजी पारावर बसून यावर बोलायचा. त्याचं म्हणणं एकच होतं. जुन्या गाण्याला काम होतं. जात्याचं गाणं दळायचं, मोटेचं गाणं पाणी काढायचं, पाळण्याचं गाणं पोर निजवायचं. ह्यांचं गाणं करतं काय? धूळ उडवतं. पारावरची माणसं माना डोलवायची, बिडी विझवायची आणि कानिफनाथाची पार्टी कुठल्या लग्नाला आहे याची चौकशी करत उठायची.

एकाहत्तर सालचा फाल्गुन असेल. एका दुपारी कानिफनाथ बँजो काखेत मारून गोठ्यात आला. भिमाजी कडबा तोडत होता. कानिफनाथ पेंढीवर बसला, मांडीवर पेटी घेतली आणि म्हणाला, “तात्या, ऐका. तुमचंच हाय.”

आणि मोटेचं गाणं वाजवलं. पण काय वाजवलं! दुडक्या चालीनं, उड्या मारत. ‘पान्यात’वर तर थांबलाच नाही. तिथं पायानं ठेका दिला, म्हणजे तिथं ढोलकी येणार होती. भिमाजी मान खाली घालून ऐकत होता. खरं सांगायचं तर त्याचा उजवा पाय हलला होता. त्यानं तो डाव्या पायाखाली दाबून धरला.

वाजवणं संपलं तेव्हा त्यानं बैलांकडं बोट केलं. राज्या आणि हरण्या डोळे अर्धे मिटून रवंथ करत होते.

“बघ,” भिमाजी म्हणाला. “आठ वर्सं त्या गान्यावर मागं आलेत ते. कान तरी हालला का एकाचा? ज्या बैलांचं गानं त्या बैलांना वळखू येईना, ते कसलं रं गानं?”

कानिफनाथ हसला. त्याच्या हसण्यात वाकडं काही नव्हतं.

“तात्या, मी बैलांसाठी न्हाई वाजवत. मानसांसाठी वाजवतो.”

गोठ्याच्या दाराशी कडूबाई शेणाची पाटी भरत होती. ती हसली. बत्तीस वर्षांच्या संसारात भिमाजीला तिची सगळी हसणी पाठ होती. हे हसणं पुतण्याला नव्हतं, त्याला होतं. ते वाक्य त्याच्या आत कुसळासारखं जाऊन बसलं. बैलांसाठी न्हाई. मानसांसाठी. म्हणजे इतकी वर्षं आपण काय जनावरांचं मनोरंजन करत होतो का?

चैत्रात सुप्याच्या अलीकडच्या वाडीत आप्पासाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. आप्पासाहेब म्हणजे चार गावांत नाव असलेला माणूस. त्यांनी कानिफनाथाची पार्टी सांगितली. पार्टीला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. इथं वाजवलं की श्रीगोंद्याकडची लग्नं मिळणार, असं कानिफनाथ चुलतीला सांगत होता. अडचण एकच होती, सामान वाहायला आणि मिरवणुकीत भोंगे बांधायला बैलगाडी पाहिजे होती. कडूबाईनं परस्पर हो म्हणून टाकलं. भिमाजीनं कुरकुर केली आणि गाडीला वंगण घातलं.

नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवाकडं निघाला तेव्हा चार-साडेचार झाले असतील. पुढं गाडी, गाडीत पार्टी, मागं घोडीवर नवरदेव, त्याच्या मागं बायका. देवळापासून वाट ओढ्याच्या अंगानं खाली उतरत होती आणि मांडव ओढ्यापलीकडं होता. भिमाजी जू धरून बैलांच्या पुढं चालत होता. उताराच्या तोंडाशी गाडी थांबली, कारण नाचणाऱ्यांना सपाट जागा सोडवेना.

कानिफनाथानं मोटेचं गाणं धरलं.

भिमाजीनं आजवर ते गोठ्यात ऐकलं होतं. भोंग्यातून ऐकलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यावरून गेलं, ओढ्यापलीकडं गेलं, मांडवात तांदूळ निवडणाऱ्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पोरं नाचत होती ते सोडा. फेटे बांधलेली, गुडघे धरून चालणारी माणसं नाचत होती. ज्यांनी स्वतः मोटा हाकल्या होत्या, जे पारावर त्याच्या बोलण्याला माना डोलवत होते, ते हवेत आसूड फिरवल्यासारखे हात करून, एक पाऊल पुढं आणि दोन पावलं मागं टाकत होते आणि हसून हसून बेजार होत होते. बायकांच्या घोळक्यात कडूबाई टाळ्या वाजवत होती. तिच्या तोंडावर असा उजेड त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

गाणं संपल्यावर कानिफनाथानं माईक तोंडाशी धरला आणि सांगितलं की हे गाणं त्याच्या तात्याचं आहे, तात्या हे उभे. माणसं वळली. आप्पासाहेबांनी हात वर करून फर्मावलं की मग मूळचं बी होऊ द्या. कानिफनाथानं चटकन वाकून माईक खाली दिला. त्यानं तो मोठ्या हौसेनं दिला होता. पुढं जे झालं त्यात ही गोष्ट भिमाजीला सगळ्यात जास्त टोचत राहिली.

भिमाजी जू सोडून बाजूला झाला, चाकापाशी उभा राहिला, आणि गायला.

पहिली ओळ झाली. माणसं शांत झाली, पण ती शांतता कीर्तनात म्हाताऱ्या बुवासाठी धरतात तशी होती. कुणी नाचलं नाही. एकानं तंबाखू मळायला घेतली. घोडीवरचा नवरदेव घड्याळाकडं बघत होता. भिमाजीला हे सगळं दिसत होतं. त्याचा आवाज थोडा बसला होता, ‘पान्यात’ पूर्वीइतकं लांबेना. त्यानं मान वळवली, कुठं बघावं म्हणून बघितलं, तर समोर राज्याचा कान मागं फिरला होता.

मग हरण्याचा फिरला.

उताराकडं तोंड करून उभे होते ते, धावेवर असायचे तसे. मागून तोच आवाज येत होता. राज्यानं मागचा डावा पाय उचलला आणि मागं टेकवला. मग हरण्यानं. गाडीचं चाक बोटभर मागं फिरलं.

या जागी एवढंच म्हणायचं होतं, हो हो, थांब रं. जू धरायचं होतं. चार हातांवर जू होतं. भिमाजीला ते माहीत होतं. गाडीच्या मागं घोडी आहे, तिच्या मागं बायका आहेत, हेही माहीत होतं. आणि त्यानं दुसरी ओळ उचलली.

का उचलली? बैलांनी ओळखलं होतं म्हणून. भोंग्यातून एवढा गदारोळ झाला तेव्हा त्यांनी शेपूट हलवलं नव्हतं, आणि त्याच्या बसलेल्या आवाजावर ते मागं येत होते. त्याच्या छातीत असं काही भरून आलं की ‘रानात’ त्यानं वरच्या सुरात नेलं. आता माणसांनाही दिसलं. कुणीतरी ओरडलं की बैल बघा, बैल. हशा झाला, टाळ्या झाल्या. तंबाखू मळणाऱ्याचा हात थांबला. भिमाजीनं पुन्हा पहिली ओळ धरली, अगदी शांतपणे, विहिरीवर धरायचा तशी, आणि बैल आज्ञेत असल्यासारखे पाऊल पाऊल चढ चढत राहिले.

घोडीवाल्यानं घोडी ओढून बाजूला घेतली. बायका पांगल्या. गाडी जराशी तिरकी झाली आणि तिचं उजवं चाक देवळाच्या पाराच्या दगडावर चढलं. गाडी कलली. बॅटरी पलटी झाली, ढोलकीवाला तोल जाऊन धुळीत उतरला. मशीन सरकत गाडीच्या कडेला निघालं. ते खाली पडलं असतं तर पार्टी तिथंच संपली असती. कानिफनाथानं डावा हात घातला. मशीन त्याच्या हातावर थांबलं, हात गाडीच्या कडेच्या लाकडी साटीवर थांबला.

तेव्हा गाणं बंद झालं. त्याच्याआधी नाही.

सुप्याच्या डॉक्टरांनी दोन बोटं लाकडाच्या पट्टीला बांधली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. महिना-दीड महिना हलवायची नाहीत, पुढं वाकतील का ते वाकल्यावर कळेल, असं सांगितलं. लग्न लागलं, जेवणावळी उठल्या. कानिफनाथ हात गळ्यात बांधून मांडवात परत आला आणि जो भेटेल त्याला सांगत सुटला की चूक त्याचीच. भोंगा बैलांच्या कानाशी बांधला, आवाजानं बुजले ते. तात्यांचा काही दोष नाही. आप्पासाहेबांनाही त्यानं तेच सांगितलं. भिमाजी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. बुंदीची पत्रावळ हातात घेऊन.

त्यानं तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलला. बुंदी खाल्ली.

गाव मात्र भोंग्याचं कारण मानायला तयार नव्हतं. गावाला त्यापेक्षा चांगली गोष्ट मिळाली होती. पारावर, पिठाच्या गिरणीवर, पारनेरच्या बाजारात सगळीकडं एकच बोललं जात होतं, की बैलांनी कौल दिला. भोंग्यावर हलले नाहीत आणि भिमाजीच्या एका ओळीवर निघाले. जुन्या गाण्यात काय होतं ते मुक्या जनावराला कळतं, आजकालच्या पोरांना कळत नाही. त्या दिवशी जी माणसं बँजोवर एक पाऊल पुढं दोन पावलं मागं नाचली होती, तीच हे सांगण्यात पुढं होती. भिमाजी आयुष्यात पहिल्यांदा वाद जिंकला होता. हॉटेलात माणसं आधी उभं राहून त्याला नमस्कार करीत आणि मग बसवीत. चहा न मागता यायचा. तो चहा भिमाजी अर्धाच ठेवून उठायचा. तो बाजारची दुसरी वाट धरायला लागला, तर तिकडंही माणसं होती.

घरी त्यानं गाणं टाकलं. आंघोळीच्या वेळी, कडबा तोडताना, काहीतरी ओठांत असायचंच त्याच्या, ते बंद झालं. कडूबाईच्या ते ध्यानात आलं. तिनं एकदा विचारलं, दुखतंय का काही. तो म्हणाला, घसा बसलाय. तिनं गुळाचा आणि हळदीचा काढा करून दिला. तोही त्यानं निमूट प्याला. कशाला नाही म्हणायचं हे आता त्याला सुधरत नव्हतं.

महिना झाला असेल. आप्पासाहेब एक पाहुणा घेऊन मळ्यात आले. पाहुणा श्रीगोंद्याकडचा, साखर कारखान्यात कसलातरी साहेब. त्याला बैल बघायचे होते. आप्पासाहेबांनी वाटेतच सगळी हकीकत रंगवून सांगितली असावी, कारण पाहुणा आल्या आल्या राज्याच्या वशिंडावरून हात फिरवून म्हणाला की हेच का ते पंच. आप्पासाहेबांनी सांगितलं, भिमाजी, जोड जोडी, होऊ दे एक फेरा धावेवर.

 भिमाजी बोलून गेला की बैल आजारी आहे. कोणता बैल, काय झालंय, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. आप्पासाहेब दोन्ही बैलांकडं बघू लागले. दोघंही तुकतुकीत, मजेत वैरण खात उभे.

कानिफनाथ इंजिनापाशी बसला होता. इंजिनाचं काम तो उजव्या हातानं करत होता. तो तिथूनच म्हणाला, “हरन्याच्या खुरात खडा गेलाय, आप्पासाहेब. पाय टेकवीना कालपास्नं.”

आप्पासाहेब हळहळले. पाहुणा चहा पिऊन गेला. जाताना त्यानं कानिफनाथाच्या बोटांची चौकशी केली, आणि कानिफनाथानं त्यालाही भोंग्याची गोष्ट सांगितली.

ते दिसेनासे झाले तेव्हा भिमाजी इंजिनापाशी गेला. उभाच राहिला. कानिफनाथ फडक्यानं हात पुसत होता.

“त्ये खोटं कशापायी बोललास?”

“तुमचा चेहरा बघितला. तुमाला गायाचं नव्हतं.” कानिफनाथानं फडकं खांद्यावर टाकलं. “तवापास्नं तुमी बैलांपुढं गातच न्हाई. माज्यामुळं तुमी मनाला लावून घेतलंय. तात्या, बैल बुजतो. त्याला कोन काय करनार?”

“बैल बुजला न्हाई,” भिमाजी म्हणाला.

कानिफनाथानं खांद्यावरचं फडकं परत हातात घेतलं.

“मला दिसलं हुतं. राज्यानं पाय मागं टाकला तवाच दिसलं. जू हाताशी हुतं. म्या धरलं न्हाई.”

इंजिन फकफकत होतं. कानिफनाथानं वाकून ते बंद केलं. मळ्यात एकदम इतकं शांत झालं की थारोळ्यातून पाटात गळणारं पाणी ऐकू यायला लागलं.

“किती येळ?” त्यानं विचारलं.

“आं?”

“दिसल्यावर किती येळ गायला?”

भिमाजीनं मनात मोजलं. हा हिशेब त्यानं गेल्या महिन्यात रोज केला होता, तरी पुन्हा केला. त्याला कमी सांगता आलं असतं. “दुसरी वळ. मग पुन्यांदा पयली. पुरी.”

“पान्यातसकट?”

“पान्यातसकट.”

कानिफनाथानं मान हलवली. त्यातून काही अर्थ निघाला नाही. त्यानं चपला घातल्या, एका हातानं घालताना त्याला वेळ लागला, भिमाजी मदतीला वाकला तर पाय मागं घेतला. बांधावर पोचल्यावर तो वळला.

“बैल आले ते बरं वाटलं असंल.”

“लई बरं वाटलं,” भिमाजी म्हणाला. आणि हे बोलताना त्याला जेवढी लाज वाटली तेवढी आधीचं सांगतानाही वाटली नव्हती.

पाच दिवस कानिफनाथ मळ्यात फिरकला नाही. भिमाजीनं कडूबाईला सगळं सांगितलं, कारण आता ते पोटात राहत नव्हतं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती भाकरी थापत राहिली. तव्यावरची भाकरी उलटल्यावर तिनं एवढंच सांगितलं की त्या दिवशी ती टाळ्या वाजवत होती ती पोराच्या बँजोला नाही, भिमाजीच्या गाण्याला. गाणं त्याचंच होतं ना? ते एवढ्या मोठ्यानं वाजत होतं म्हणून तिचा ऊर भरून आला होता. तिला वाटलं होतं, ह्यांनाही तसंच वाटत असेल.

भिमाजीनं भाकरीचा घास मोडला आणि तो बराच वेळ बोटांत धरून ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी तो पुतण्याच्या दारात गेला. आपल्या घरासारखा आत जाणारा माणूस, उंबऱ्याबाहेर थांबला. पडवीत कानिफनाथ बसला होता. बोटांची पट्टी निघाली होती, बोटं सुजलेली, निळसर, एकमेकांना चिकटून ताठ. समोर बँजो होता. उजव्या हातानं तार छेडली जात होती, डावा हात मांडीवर पडून होता. तार एकाच सुरात वाजत होती.

तो का आला ते भिमाजीला नीट सांगता येईना. तो म्हणाला की पारावर जाऊन चार लोकांत खरं काय ते सांगतो. कानिफनाथानं मान वर न करता सांगितलं की सांगा, पण त्यानं बटणं दाबली जाणार नाहीत. पंधरा दिवसांनी श्रीगोंद्याचं लग्न आहे. ढोलकीवाल्याचे दोन्ही हात ढोलकीत, दुसऱ्याचे खुळखुळ्यात. बोटं आणायची कुठून?

भिमाजीनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. नाड्यानं घासून घासून खरबरीत झालेली, गाठी आलेली, उसाच्या कांड्यांसारखी बोटं. हा हात पुढं करायचा म्हणजे काय, ते त्याला कळत होतं. श्रीगोंद्याच्या मांडवात, भोंग्याखाली, केस वाढवलेल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. पारावर जे जे बोललो ते सगळं गिळायचं. लोक विचारतील, भिमाजी, तुझे बैल काय म्हणाले?

“ह्ये चालत्याल का?” त्यानं विचारलं.

कानिफनाथानं त्या बोटांकडं पाहिलं.  “हात धुऊन या,” म्हणाला.

भिमाजी हात धुऊन आला आणि पेटीसमोर मांडी घालून बसला. कानिफनाथानं खडूनं बटणांवर आकडे घातले होते. एका वेळी भिमाजीच्या बोटाखाली दोन दोन बटणं येत होती. तारेतून मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. पलीकडं चुलीपाशी कानिफनाथाच्या आईनं पदर तोंडाला लावला. कानिफनाथ हसला नाही. उजव्या हातानं तार छेडत तो आकडे सांगत होता, तीन, पाच, पुन्हा पाच, सहा. तात्या म्हणत नव्हता. आल्यापासून एकदाही म्हणाला नव्हता. नुसते आकडे.

तासाभरानं आकड्यांतून गाणं दिसायला लागलं. लंगडत, पण ओळखू येईल असं. सर मागं सर, माझ्या राज्या रं. भिमाजीच्या कपाळावर घाम आला होता. मळा तिथून हाकेवर होता. बैल कडूबाईनं बाहेर लिंबाखाली बांधले होते, ते इथून दिसत होते. तो चोरून तिकडं बघत होता. राज्यानं कान हलवला नाही. हरण्या मिटल्या डोळ्यांनी रवंथ करत होता. त्यांना काही म्हणजे काही ओळखू आलं नव्हतं.

मोट बुडू दे पान्यात. सहा, सात, सात. ह्या गाण्यात इथं थांबायचं नसतं, इथं ढोलकी येते, एवढं भिमाजीच्या पक्कं ध्यानात होतं. आता तरी चुकायचं नाही म्हणून त्यानं घाईनं पुढच्या बटणावर बोट नेलं.

कानिफनाथानं सुजलेला डावा हात उचलला आणि त्याच्या मनगटावर ठेवला.

“थांबा,” तो म्हणाला. उजव्या हातानं तो तीच तार छेडत राहिला, सूर सोडला नाही. “मोट भरू द्या, तात्या.”

भिमाजीचं बोट बटणाच्या वर तसंच अधांतरी राहिलं. मान वर करावी असं त्याला फार वाटत होतं, पण त्याला ती करता येईना.